डावीकडचे जावई

आधी भाऊजींबद्दल सांगते, मग माझ्याबद्दल. माझ्याबद्दल सांगायला खरं तर मला तोंड नाही, पण न सांगता राहवतही नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्रेन चालवायचे. क्रेन म्हटलं की लोकांना रस्त्यावरची लांब मानेची क्रेन आठवते. ही तसली नव्हे. ही छपराखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुळांवरून सरकते आणि तिला टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये माणूस बसतो. सकाळी चाळीस पायऱ्यांची उभी शिडी चढून वर जायचं, जेवायला खाली उतरायचं, परत वर. दोन कपाटांएवढं लोखंड साखळ्यांना अडकवून इथून उचलायचं आणि तिथे ठेवायचं, तेही असं की ठेवल्याचा आवाज होऊ नये. एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं. घरातही माणूस तसाच. कपबशी ठेवतील तर आवाज नाही, दार लावतील तर आवाज नाही. ताई म्हणायची, "हे घरात आहेत की नाहीत हे कळायला मला हाक मारावी लागते."

मी अगदी उलटी. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करते. औषधाच्या खोक्यात मुंगीएवढ्या अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो ना, जो कोणीही वाचत नाही, तो मी करते. वीस मिलिग्रॅमचं दोनशे झालं तर काय होईल, ह्या भीतीने आकड्यांवर माझी नजर घारीसारखी बसलेली असते, आणि दिवसभर तसं बसून डोकं तापलेलं असतं. तोंडही त्याच मापाचं. भाऊजी मला तोफखाना म्हणायचे. मी जिन्यात असतानाच ते आत ताईला सांगायचे, "चहा टाक, तोफखाना आला."

त्यांच्या कामावरचा एक माणूस इथेच सांगून ठेवते. क्रेनच्या केबिनमध्ये भट्ट्यांच्या गोंगाटापुढे खालचं काही ऐकू येत नाही, म्हणून खाली उभं राहून हातांनी खुणा करणारा एक लागतो. वर घे, हळू, डावीकडे, थांब. भाऊजींच्या खाली एकोणीस वर्षं एकच माणूस उभा होता. त्याला कारखान्यात सगळे हातवारे म्हणत. नव्या लोकांना ते त्याचं आडनावच वाटायचं, आणि एकदा पगाराच्या पाकिटावरही तसंच लिहून आलं होतं. दोघांची ओळख मोठी विचित्र. आठ तास एकमेकांकडे टक लावून बघायचं आणि बोलायचं नाही. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही दोघं शेजारी बसून गप्पच असत. "बोलायचं काय?" भाऊजी म्हणायचे. "सगळं झालेलं असतं."

आता खेळाकडे येते.

भाची शिकायला बाहेर गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला आणि त्यात एक लढाईचा खेळ राहिला. धडाधड गोळ्या घालत सुटायचं, तसला नव्हे. नकाशावर गावं, शेतं, झाडं, आणि दोन बाजूंची सैन्यं. आधी एकाने आपल्या माणसांना हुकूम द्यायचे, मग दुसऱ्याने, आणि मग दोघांनी शेजारी बसून पुढचं एक मिनिट काय काय घडतं ते नुसतं बघायचं. त्या मिनिटात कशाला हात लावता येत नाही. ओरडा, कपाळ बडवून घ्या, व्हायचं ते होतं. एकाची हुकूम द्यायची पाळी असली की दुसऱ्याने गॅलरीत जाऊन पाठ फिरवून उभं राहायचं, हा आमचा घरचा कायदा. दर रविवारी सकाळी दहापासून जेवणाची पानं मांडेपर्यंत, अशी अकरा वर्षं.

मी नेहमी रणगाडे घ्यायची. दुसरं काय घेणार! भाऊजी पायदळ घ्यायचे. आणि रणगाड्यापुढे पायदळाकडे असतं काय, तर दोन माणसं आणि खांद्यावरचं एक नळकांडं. एकाने नळकांडं धरायचं, दुसऱ्याने त्यात रॉकेट भरायचं. लांबून मारलं तर लागत नाही, वर आपण कुठे लपलोय ते रणगाड्याला कळतं. बंद खोलीतून मारलं तर मागची आग त्यांनाच भाजते, म्हणून कधी कधी रणगाडा अगदी दारात येऊन उभा राहिला तरी हे आपले ढिम्म. कधी पळून जातात. कधी नको तेव्हा अंगात येतं. भाऊजी ह्या जोड्यांना जावई म्हणायचे.

"घरात बसलेत, त्यांना काम सांगायची सोय नाही, आणि कशावरून रुसतील ते देव जाणे."

"तुम्हालाच बरं ठाऊक," ताई आतून म्हणायची.

पण जावयांची मर्जी राखणं भाऊजींना जमायचं. प्रत्येक जोडीला ते नेमून द्यायचे की तुम्ही एवढ्याच रस्त्याकडे बघायचं आणि पन्नास मीटरच्या आत काही आल्याशिवाय नळकांड्याला हात लावायचा नाही. हा हुकूम असला की जोडी दबा धरून बसायची. नसला की स्वतःच्या अकलेने वागायची, आणि ती अक्कल केवढी ते वर सांगितलंच. एकेका जोडीवर भाऊजी पाच-पाच मिनिटं घालवायचे. मी गॅलरीत उभी राहून दातओठ खायची. मग मी आत यायची, माझे रणगाडे झाकणं लावून धुरळा उडवत निघायचे, घरावरून पुढे जायचे, आणि मागून ठप्प. पाठीत. दहापैकी सात वेळा मी हरायची.

"नशीब तुमचं," मी म्हणायची. "चाळीस टक्के लागायची शक्यता होती. नुसतं नशीब!"

"नशिबाला मी शेवटचा हातभर भाग देतो," ते म्हणायचे. "त्याच्या अलीकडचं सगळं माझं."

ह्यावर आम्ही अकरा वर्षं भांडलो. जेवताना भांडलो, लग्नाकार्यात भांडलो, फोनवर भांडलो. ताईने दोघांनाही बोलणं सोडून दिलं होतं.

मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करताना भाऊजींच्या डाव्या हातातून वाटी पडली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. तोंड किंचित वाकडं झालं होतं. अर्धांगाचा झटका, पण सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. बारा दिवस इस्पितळात काढले. हात परत आला, पाय परत आला, बोलणं तर गेलंच नव्हतं. महिनाभरात ते चौथ्या मजल्यापर्यंत जिना न थांबता चढायला लागले. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढंच की दाढी करून आले की डाव्या गालावर एक पट्टा तसाच राहिलेला असायचा. ताई हसून म्हणायची, "अर्धीच दाढी करायची फॅशन आली वाटतं," आणि स्वतः वस्तरा घेऊन तेवढं काढून द्यायची. मीही हसले होते. 

कारखान्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, हात-पाय तपासले आणि सांगितलं, सगळं ठीक आहे, वर जायचं की खाली सामानाच्या खोलीत बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन महिन्यांची मुदत दिली. सामानाच्या खोलीत बसायचं म्हणजे हातमोजे आणि नट पिळायचे पाने देत बसायचं. भाऊजींच्या चेहऱ्यावरून कळायचं की ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल.

"इथे बघू," ते मला म्हणाले. कॉम्प्युटरकडे बोट होतं. "इथे माझं डोकं चालतंय की नाही ते कळेल. इथे जमलं तर तिथे जमेल."

म्हणजे बघा, मला हे माहीत होतं. कुणी माझ्यापासून लपवलेलं नव्हतं.

पहिल्या रविवारी ते हरले. दुसऱ्या रविवारी हरले. तिसऱ्या रविवारी तर मी वीस मिनिटांत त्यांचं अर्धं गाव घेतलं. उजवीकडच्या जोड्या नेहमीसारख्या चोख. मधल्याही ठीक. पण डावीकडचे जावई पार बिनसलेले. माझा रणगाडा लांब दिसला की लगेच रॉकेट उडवायचे, ते कुठेतरी शेतात जाऊन पडायचं, मग दोघं पळत सुटायचे आणि मरायचे. आणि माझा रणगाडा त्या बाजूने गावात शिरला की भाऊजी दचकायचे.

"हा कुठून आला?"

"डावीकडून. मघापासून येतोय."

"आं? जावई झोपले होते का?"

तिसऱ्या रविवारी त्यांची पाळी संपल्यावर मी आत आले तेव्हा त्यांचे हुकूम अजून पडद्यावरच होते, ते बघितले. डावीकडच्या दोन जोड्यांना हुकूमच दिलेला नव्हता. कुठे बघायचं तेही नाही, किती आत आल्यावर मारायचं तेही नाही. काहीच नाही. ज्या माणसाने अकरा वर्षं एकेका जोडीला मांडीवर घेतल्यासारखं सांभाळलं, त्याने ह्या दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हे मी माझ्या ह्या आकडे टिपणाऱ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मी स्वतःला काय सांगितलं? थकले असतील. विसरले असतील. नशीब वाईट चाललंय.

त्या दिवशी जेवताना त्यांनी पानावरून मान वर केली नाही. "डोकं गेलं माझं, तोफखाना," एवढंच म्हणाले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणी बघवलं नाही. आता वाटतं, बघत बसायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी तासभर आधी गेले. भाऊजी आंघोळीला गेलेले, ताई स्वयंपाकघरात. मी कॉम्प्युटर लावला आणि त्या लढाईची फाइल उघडली. नुसती आकड्यांची यादी. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं, पण माझा तो रोजचा धंदा. प्रत्येक जोडीपुढे दोन आकडे होते, एक धीराचा आणि एक नेमाचा. भाऊजींच्या सगळ्या जावयांना तीन आणि चार होते. मी ते नऊ आणि नऊ केले. नऊच्या वर आकडाच नव्हता. फाइल बंद केली आणि ताईला म्हटलं, "भाजी चिरायला दे."

तुम्हाला वाटेल ही बाई लबाड. नाही हो. ते हरावेत म्हणून केलं असतं तर मला त्याचं इतकं लागलं नसतं. मी त्यांना हात द्यायला गेले होते.

त्या रविवारी डावीकडचे जावई हुकमाशिवायच गप्प बसले. माझे तीन रणगाडे त्यांच्या घरावरून गेले. पहिला गेला, दुसरा गेला, आणि मग मागून ठप्प, ठप्प, ठप्प. तिन्ही पेटले. भाऊजी खुर्चीतून उठले, ताईला बाहेर बोलावलं, तिचे ओले हात धरून तिला पडद्यापुढे उभं केलं. "बघ! डोकं शाबूत आहे माझं! बघ!" ताईला रणगाडा कळत नव्हता की जावई कळत नव्हता, पण ती रडायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा हरल्याचा मला आनंद झाला.

असे पाच रविवार गेले. पाचही ते जिंकले. त्या पाच रविवारांत त्यांनी डावीकडच्या एकाही जोडीला एकही हुकूम दिला नाही, आणि मी दर वेळी ते बघितलं. पाचव्या रविवारी त्यांनी कागदावर सही करून टाकली. वरच्या केबिनसाठी.

ते वर गेले. दोन आठवडे सगळं सुरळीत झालं. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, साखळीला बांधलेला साच्याचा एक मोठा भाग ते ओव्हनकडे, म्हणजे साचे भाजायच्या भट्टीकडे, नेत होते. एरवी समोर असणारे हातवारे त्या दिवशी खाली ओव्हनच्या बाजूला उभे होते. तो भाग थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. मागे साच्यांची चळत होती. हातवारेंचा पाय मध्ये सापडला. डॉक्टरांनी गुडघ्याखाली काढला.

भाऊजी आठ दिवस जेवले नाहीत. रोज इस्पितळात जाऊन कॉटजवळ बसायचे. दोघं तिथेही बोलायचे नाहीत. मग चौकशी लागली. तीन साहेब, एक टेबल. त्यांनी भाऊजींना विचारलं, थांबायची खूण झाली होती का? आता भाऊजी म्हणजे खोटं न बोलणारा माणूस. जे आठवत होतं तेच सांगितलं.

"मी खालीच बघत होतो. हात वर झाला नाही."

हातवारे इस्पितळातून कुबड्यांवर आले होते. ते म्हणाले, "मी हात केला होता."

बाकीच्यांची तिकडे पाठ होती. साहेबांनी लिहिलं की खूण वेळेत दिली गेली नाही, चूक खुणा करणाऱ्याची. भाऊजी सुटले. सोमवारपासून परत वर, नव्या खुणवाल्याबरोबर.

हे सगळं मला अपघातानंतर पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी चहा पिताना ताईकडून कळलं. छापखान्यात वर्षअखेरीची घाई होती, मी तेवढे आठवडे फिरकले नव्हते, आणि ताईने फोनवर सांगायचं टाळलं होतं. भाऊजी शेजारी बसले होते, चेहरा दगडासारखा.

"पाय गेला त्याचं मला दुःख आहे," ते म्हणाले. "जन्मभर राहील. पण माझ्या तोंडावर खोटं बोलला तो. एकोणीस वर्षांनी! चुकला तर चुकला म्हणायचं होतं. मी काय त्याला टाकून दिलं असतं?"

त्यांनी इस्पितळात जाणं बंद केलं होतं. हातवारे घरी आले तरी हे गेले नव्हते.

मी विचारलं, "ते उभे कुठे होते?"

"ओव्हनपाशी."

"म्हणजे तुमच्या कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," भाऊजी म्हणाले. "का गं?"

माझ्या हातातला कप खाली ठेवताना मोठ्ठा आवाज झाला.  तीन आणि चार, नऊ आणि नऊ, अर्धी दाढी, हा कुठून आला. सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. आणि उद्या सोमवार होता.

सरळ सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "एक डाव टाकू या का?" ते म्हणाले, टाक. ते टेबल पुसत होते तेवढ्यात मी फाइलमधले आकडे परत होते तसे केले. मग माझ्या पाळीला मी माझे सगळेच्या सगळे रणगाडे डावीकडे, उघड्या माळावर, ओळीने उभे केले. झाड नाही, भिंत नाही. आंधळ्यालाही दिसावं. सावकाश पुढे यायचा हुकूम दिला आणि गॅलरीत जाऊन कठडा धरून उभी राहिले. देवाला म्हटलं, एकदा तिकडे बघू दे. एकाच जोडीला हुकूम देऊ दे. मी चूक ठरू दे.

आत आले. उजवीकडचे जावई चोख. मधले चोख. डावीकडे काहीच नाही.

आम्ही ते एक मिनिट शेजारी बसून बघितलं. माझे रणगाडे ओळीने आले. डावीकडच्या दोघांनी लांबून रॉकेट उडवलं, ते मातीत गेलं, दोघं पळाले आणि पडले.

"हे कुठून आले?" भाऊजी म्हणाले.

मिनिट संपल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, पडद्यावर घरं किती आहेत, मोजा."

"हे काय नवीन?"

"मोजा हो!"

त्यांनी बोटाने मोजली. "पाच."

घरं आठ होती. मी त्यांचं ते बोट धरलं आणि पडद्यावरून डावीकडे नेलं, अगदी कडेपर्यंत, आणि म्हटलं, "आता बोटाकडे बघा." त्यांनी बोटाच्या मागोमाग मान वळवली. सहा. सात. आठ. त्यांनी मान सरळ केली. परत वळवली. असं तीन-चार वेळा केलं. ताई दारात येऊन उभी राहिली होती, तिला काही कळत नव्हतं.

"डोळे तर तपासले होते," ते म्हणाले. 

"डोळे चांगले आहेत. तुमचं लक्षच तिकडे जात नाही. झटका आल्यापासून." आणि मग मी भडाभडा सगळं ओकले. आकडे, नऊ आणि नऊ, आंघोळीची वेळ, पाच रविवार. "तुम्ही जिंकला नव्हता. मी जिंकवलं होतं. थोबाडीत मारा माझ्या."

ताईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

भाऊजींनी आकड्यांबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी भलतंच विचारलं.

"मी डावीकडे हुकूम देत नाही, हे तुला दिसत होतं?"

"मला वाटलं थकवा असेल, नशीब..."

"तोफखाना. सरळ सांग."

"दिसत होतं," मी म्हटलं. "सहा रविवार. कळत नव्हतं, पण दिसत होतं. आणि कळून घ्यायचंही नव्हतं मला. तुम्ही किती खूश होता."

"एरवी जिन्यापासून ओरडत येतेस," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले, त्यामुळे जास्तच लागलं. "एवढं एकच तेवढं बोलली नाहीस."

 

त्यांनी परत एकदा बोट डावीकडे नेऊन घरं मोजली. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे त्याने हात केला होता," ते म्हणाले. उठले, चपला शोधायला लागले. एक चप्पल त्यांच्या डाव्या पायाशीच होती, ती त्यांना सापडेना. ताईने वाकून पुढे सरकवली. मी म्हटलं, मी येते. ते जिना उतरायलाही लागले होते.

हातवारे दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर राहतात. रस्त्याने मी भाऊजींच्या डावीकडून चालले. हातवारेंच्या बायकोने दार उघडलं आणि भाऊजींना बघून अर्ध्यावरच धरलं. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"तुम्हाला खोटं पाडणारे आलेत," ती म्हणाली, पण बाजूला झाली.

हातवारे कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. भाऊजी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"तू हात केला होतास," भाऊजी म्हणाले. "मला दिसला नाही. मला डावीकडचं कळत नाही. आत्ता तासाभरापूर्वी समजलं. उद्या साहेबांना सांगणार आहे. वर जाणार नाही."

 हातवारेंनी बायकोकडे बघितलं, परत भाऊजींकडे बघितलं.

"दोन्ही केले होते," मग ते म्हणाले. "दोन्ही हात. ओरडतही होतो. खालून वाटलं, तू सरळ माझ्याकडे बघतोयस रे. तोंड माझ्याकडे होतं तुझं. मी इतके दिवस इथे पडून हाच विचार करतोय, की ह्याने मला बघितलं आणि तरी आणलं. माझं काय चुकलं होतं, ते शोधत होतो."

भाऊजी खाली फरशीवर बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. अख्ख्या आयुष्यात मी त्यांच्या रडण्याचा आवाज ऐकला नव्हता, तो तेव्हा ऐकला. हातवारेंनी हात लांब करून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

माझं नाव भाऊजींनी काढलं नाही. काढणारही नव्हते, हे मला कळून चुकलं. मी दाराशी उभी होते. गुपचूप परत फिरले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं. "ह्यांना डावीकडचं कळत नाही, ते तुमचा पाय जायच्या आधी सहा रविवार मला दिसत होतं. मी बोलले नाही. उलट झाकलं. मी झाकलं म्हणून हे वर गेले."

हातवारेंनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या देतील, हाकलून देतील, काहीही करतील, मला चालणार होतं. मी त्याचीच वाट बघत होते.

"उभ्या का?" ते म्हणाले. "बसा." आणि मला कॉटवर जागा व्हावी म्हणून त्यांनी उरलेला पाय उचलून बाजूला घेतला.